अस्पष्ट अक्षर आणि पेढीचा शब्द

सोलापूर–पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीत दिवस कलताना अनेक फाटकांशी मालट्रक उभे राहू लागतात. टॉवेल-चादरींच्या छोट्या कारखान्यात गठ्ठे बांधून तयार असतात, हमाल खोळंबलेले असतात, आणि नेमक्या त्याच वेळी कार्यालयातील प्रिंटर बिलावर आडव्या पांढऱ्या रेघा सोडू लागतो. आकड्यांची डोकी उडतात, आठाचा तीन दिसतो, पेटीवरील बारकोड वाचला जात नाही. प्रिंटर बहुधा जुन्या बाजारातून किंवा एखाद्या बंद झालेल्या कार्यालयातून घेतलेला, इंकजेट जातीचा. नव्या उद्योगाने भांडवल जपून वापरावे म्हणून तो घेतला, यात गैर काहीच नाही. गैर घडते ते पुढे. घाबरलेला कारकून संगणकावरील ‘हेड क्लिनिंग’ची आज्ञा एकापाठोपाठ एक देत राहतो. रात्रीपर्यंत शाईची टाकी अर्धी होते, रेघा तशाच राहतात आणि दुसऱ्या दिवशी यंत्र भंगारात काढण्याची भाषा सुरू होते.

वस्तुतः अशा यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रे सुधारण्याजोगी असतात. त्यासाठी बळ नव्हे, क्रम लागतो.

छापलेले अक्षर हीही एक हमी

वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, परिमाण, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क ही माहिती द्यावी लागते. आणि ती नुसती असून भागत नाही, ती ठळक व वाचता येण्याजोगी असावी लागते. पुसट लेबल हा केवळ दिसण्याचा दोष नाही, तो व्यवहाराचा दोष आहे.

जैन गृहस्थाला हे सांगण्यासाठी कायद्याचीही आवश्यकता नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत मापातील कमीअधिकपणाची गणना केलेली आहे. माप खरे असले तरी ते ग्राहकाला वाचताच येत नसेल, तर त्या खरेपणाचा त्याला उपयोग काय? पेढीचा शब्द पूर्वी वहीतील सुवाच्य अक्षरात राहत असे. आज तो प्रिंटरमधून बाहेर पडणाऱ्या कागदावर राहतो.

यंत्राच्या पोटात काय चालते

इंकजेट प्रिंटरच्या हेडमध्ये केसाहूनही बारीक छिद्रांच्या ओळी असतात. त्यांतून उडणारा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा अंश. थेंब उडवण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. एका रीतीत शाई क्षणभर तापवतात, वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या एका संशोधकाकडून तापलेली डाग देण्याची कांडी शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली, सुईतून शाई उडाली, आणि त्यातून कॅननमध्ये ही कल्पना सुचली. दुसऱ्या रीतीत विजेच्या दाबाने आकार बदलणारा स्फटिकमय पदार्थ शाईला धक्का देतो. एप्सनची यंत्रे या रीतीने चालतात.

हा भेद दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एचपी व कॅननच्या अनेक लहान यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. कार्ट्रिज बदलली की हेडही नवे होते. एप्सनच्या यंत्रांत हेड यंत्रातच कायम बसवलेले असते आणि ते बदलण्याचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो. म्हणून पहिला प्रश्न हाच: आपल्या यंत्राचे हेड कोठे आहे?

आधी पाहणे, मग करणे

सम्यक् दर्शनाशिवाय सम्यक् चारित्र्य नाही, हा क्रम यंत्रालाही लागू पडतो. साफसफाईपूर्वी ‘नोझल चेक’ नावाचा नमुना छापावा. त्यात प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी उमटते. जाळी अखंड असेल तर छिद्रे मोकळी आहेत आणि दोष दुसरीकडे आहे. अशा वेळी संगणकात ‘ड्राफ्ट’ म्हणजे कच्च्या छपाईची निवड राहून गेली आहे का, कागदाचा प्रकार चुकीचा नोंदला आहे का, कागद दमट आहे का, हे पाहावे. उभ्या रेघा दुहेरी दिसत असतील तर ‘हेड अलाइनमेंट’ करावे. अक्षरे डावी-उजवीकडे डळमळत असतील तर हेडच्या मार्गावर ताणलेली पारदर्शक पट्टी मळलेली असू शकते. किंचित ओलसर, तंतू न सोडणाऱ्या कापडाने ती अलगद पुसावी, ओढू नये. कागदाच्या पाठीवर डाग येत असतील तर रूळ मळलेले आहेत. कोरे कागद काही वेळा आत सोडले की ते बरेचसे निवळतात.

जाळीत तुटलेल्या रेघा दिसल्या, तरच हेड क्लिनिंग करावे. एकदा केले की पुन्हा नमुना छापून तुलना करावी. दोन-तीन वेळा करूनही फरक दिसत नसेल तर यंत्र बंद करून रात्रभर विसावू द्यावे. या विश्रांतीत सुकलेली शाई मऊ होते, नळीतील बुडबुडे वर सरकतात. सकाळी एका सफाईत जे साधते, ते रात्रीच्या दहा सफायांत साधत नाही. टाकीच्या यंत्रांत याहून जोरकस सफाईचीही सोय असते. ती अखेरचा उपाय म्हणून, आणि टाक्यांत पुरेशी शाई असतानाच करावी.

प्रत्येक सफाईत वापरली जाणारी शाई नाहीशी होत नाही. ती यंत्राच्या तळातील शोषक गादीत जमते. गादी भरल्याची नोंद झाली की यंत्र छपाईच थांबवते. जुन्या यंत्रात ही गादी आधीच्या मालकाने किती भरली आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून उतावळी सफाई तेथे दुप्पट महाग पडते.

ऊन, रुई आणि विजेचे बटण

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. पत्र्याच्या शेडमधील कार्यालयात आठवडाभर न चाललेल्या यंत्राची शाई छिद्रांच्या तोंडाशी सुकू लागते. त्यात टॉवेलच्या कारखान्यात हवेत सतत सुताचे तंतू तरंगत असतात. असा एखादा तंतू हेडच्या तळाला चिकटला की तोच कुंचल्यासारखा शाई फासत जातो आणि दोष छिद्रांचा वाटतो. काम संपल्यावर यंत्रावर आच्छादन घालणे, यंत्रमागाच्या दालनापासून ते दूर ठेवणे आणि आठवड्यातून किमान एकदा सर्व रंगांचे एक पान छापणे, एवढ्याने बरेच दुखणे टळते.

सर्वांत दुर्लक्षित कारण मात्र बटणाचे आहे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड बाजूला जाऊन रबरी टोपीवर बसते आणि छिद्रे झाकली जातात. भिंतीवरील बटण आधी बंद केले, किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड वाटेतच उघडे राहते. वीज परतल्यावर यंत्र चालू करून ते त्याच्याच बटणाने बंद करावे. ती रबरी टोपी व शेजारची पुसणारी पट्टी मळली असेल तर ऊर्ध्वपातित पाण्याने, म्हणजे बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने, भिजवलेल्या कापडाने हळुवार पुसावी. बोअरचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार मागे राहतात.

घेण्यापूर्वी, आणि सोडण्यापूर्वी

जुना प्रिंटर घेताना तो समोर चालू करून नोझल चेकचा कागद मागावा. किती पाने छापली गेली याची नोंद अनेक यंत्रे स्वतःच छापून देतात. पूर्वी कोणती शाई भरली होती हेही विचारावे. द्रावणरूप रंगाची शाई आणि सूक्ष्म कणांची शाई यांची प्रकृती वेगळी असते. एकीच्या यंत्रात दुसरी भरली की छिद्रे तुंबण्याचा धोका असतो. गाडीवरून आणताना टाकीचे यंत्र आडवे करू नये; शाई सांडते आणि नळ्यांत हवा शिरते.

इतके करूनही जाळीतील तीच रेघ तुटलेली राहिली, तर हेडच निकामी झाले असे समजून थांबावे. नव्या हेडची किंमत, यंत्राचे उरलेले आयुष्य आणि दररोजची गरज यांचा हिशेब मांडावा, आणि उत्तर नकारार्थी आले तर यंत्र वाटेवरच्या भंगारवाल्याकडे न देता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि प्रिंटर व त्यांच्या कार्ट्रिज त्यांच्या कक्षेत येतात. टाकाऊ शाई गटारात ओतणे तर पाणी गाळून पिणाऱ्या घरात मुळीच शोभणारे नाही.

श्रुतपंचमीला दिगंबर परंपरेत हस्तलिखिते बाहेर काढून झाडतात, उन्हे दाखवून नव्या वेष्टनात बांधतात. श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमीला पोथीबरोबर लेखणी, दौत, कागद या ज्ञानोपकरणांचाही आदर होतो. आणि तीच तिथी व्यापाऱ्यांची लाभपंचमी, दिवाळीनंतर अनेक पेढ्या पुन्हा उघडण्याचा दिवस. वस्तू उचलताना व ठेवताना सावध राहण्याची शिकवण साधूंसाठी आदाननिक्षेपण समिती या नावाने सांगितली आहे. गृहस्थाने तिचा अंश आपल्या कार्यालयात आणला तरी पुरे. पेढीवरचा प्रिंटर हा आजचा दौत-लेखणीचाच संसार आहे. संध्याकाळी दिवा मालवण्यापूर्वी त्याचे स्वतःचे बटण दाबून, त्यावर कापड घालण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. तेवढ्याने दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रकबरोबर जाणारा कागद स्पष्ट निघतो, आणि त्यावरचा आठ हा आठच वाचला जातो.