न्यूमोनिया ओळखायचा कोणी?

डॉक्टर म्हटले की दवाखाना, गळ्यातला स्टेथोस्कोप आणि समोर बसलेला रोगी असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. पण जो रोगी दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, त्याचे काय? एखाद्या भागातील साऱ्या लोकांचे आरोग्य सुधारायचे, तर डॉक्टरांनी नेमके काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यात मिळाले. ते समजून घ्यायला थोडे शरीरशास्त्र आणि साठपर्यंतचे आकडे पुरेसे आहेत.

श्वास का वाढतो?

फुप्फुसांत हवेच्या असंख्य बारीक पिशव्या असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. न्यूमोनियात जंतूंमुळे काही वायुकोशांत पू आणि पाणी साचते. तेवढा भाग निकामी होतो आणि फुप्फुस ताठरही बनते. मग एका श्वासात पूर्वीइतकी हवा आत येत नाही. ही तूट भरून काढायला शरीराजवळ एक उपाय असतो, तो म्हणजे श्वासांची संख्या वाढवणे. मेंदूतील श्वसनकेंद्र तसा हुकूम देते आणि मूल भराभर श्वास घेऊ लागते.

साध्या सर्दी-खोकल्यात बिघाड बहुधा नाका-घशापुरता असतो. म्हणून खोकला दोन्हींत असला, तरी वाढलेला श्वास न्यूमोनियाकडे बोट दाखवतो. एक्स-रे किंवा स्टेथोस्कोप नसतानाही दिसू शकेल अशी ही खूण आहे.

१९८० च्या दशकात फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील मुलांवर या खुणेचा अभ्यास केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरवल्या. खोकला किंवा श्वासाचा त्रास असलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर ते धोक्याचे समजायचे.

मण्यांची युक्ती

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. जंगलात विखुरलेली गावे, पावसाळ्यात तुटणारे रस्ते आणि दूरचे दवाखाने अशी तिथली स्थिती होती. न्यूमोनिया झालेले बाळ तर दोन-चार दिवसांतही दगावू शकते. तेव्हा रोग ओळखणारी व्यक्ती गावातच हवी होती. गावात सुईणी होत्या, पण त्यांच्यापैकी अनेकींना पन्नास-साठपर्यंत सलग मोजता येत नव्हते.

यावर एक साधे उपकरण तयार झाले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा, वेगळ्या रंगाचा मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. मोजायचे फक्त दहापर्यंत! पन्नासची अडचण पाटीवरच्या मण्यांनी सोडवली.

औषध कोणी द्यायचे?

रोग ओळखून थांबले तर उपयोग नाही; त्यावर प्रतिजैविक औषध द्यावे लागते. ते डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हाती द्यावे का? ही शंका रास्त आहे. प्रतिजैविके वाटेल तशी वापरली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणूनच नियम काटेकोर हवा: श्वास मोजल्याशिवाय औषध नाही, ठरलेली मात्रा ठरलेले दिवस द्यायची, आणि छाती आत ओढली जात असेल किंवा मूल दूध पीत नसेल, तर तातडीने दवाखान्यात पाठवायचे.

शंकेचे उत्तर मात्र प्रयोगानेच मिळायला हवे. सर्चने काही गावांत ही सेवा दिली आणि तुलनेसाठी दुसऱ्या गावांतही मृत्यूंची नोंद ठेवली. तुलनेची गावे नसती, तर झालेला फरक उपचाराने झाला की त्या वर्षीच्या हवेने, हे सांगता आले नसते. निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर सेवेच्या गावांत ८.१ होते.

पुढे १९९५ पासून याच रीतीने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचे काम झाले. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०११ मध्ये अशी गृहभेटींची योजना आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केली.

यात डॉक्टरांचे काम कमी झाले नाही, बदलले. रोगाचे शास्त्र समजून घेणे, त्यातून सोपा नियम काढणे, तो गावातील माणसाला शिकवणे, त्याच्या कामावर देखरेख ठेवणे, अवघड रोगी आपल्याकडे घेणे आणि परिणाम मोजणे, ही कामे त्यांच्याकडे आली. लोकांच्या आरोग्यात डॉक्टरांचा वाटा मोठा होतो तो असा, असे आम्हांला वाटते. न्यूमोनियाविरुद्ध आज लसही मिळते. पण तिची वेळ चुकू नये म्हणून घरोघर जाणारी व्यक्ती लागतेच.

वर्गात काय करता येईल?

विद्यार्थ्यांच्या जोड्या करून स्वस्थ बसलेल्या सोबत्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला सांगावे. नंतर तेच अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावे. दोन उत्तरे किती वेळा जुळतात ते पाहावे. तान्ह्या बाळाचा श्वास तर अधिकच अनियमित असतो, म्हणून तिथे पूर्ण मिनिट मोजायचे, तेही बाळ शांत असताना. रडताना किंवा दूध पिताना नाही. जुन्या पाटीचे मणी आणि घड्याळ घेऊन विद्यार्थ्यांना असे उपकरणही बनवता येईल. गावातील आशाताईंना वर्गात बोलावून त्या बाळाचे श्वास कसे मोजतात हे विचारले, तर धड्यातील फुप्फुसे मुलांना एकदम जवळची वाटू लागतील. आणि पुढे घरातल्या खोकणाऱ्या बाळाच्या छातीकडे त्यांतले कोणीतरी वेळेवर लक्ष देईल.