बॅटरी नवी, तरी सेल्फ लागत नाही

पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी बाळगणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: नवी बॅटरी टाकली, तरी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ वाजतं आणि इंजिन फिरत नाही, असं का? यावर गॅरेजमध्ये होणारी कारवाईही बहुधा ठरलेलीच असते. आधी बॅटरी बदलायची, मग स्टार्टर खोलायचा, तरी जमलं नाही तर संशय अल्टरनेटरवर. मालकाचे काही हजार रुपये जातात आणि पहिला पाऊस पडला की तेच ‘टक्’ पुन्हा ऐकू येतं. माझं म्हणणं असं की, जुन्या गाडीतला विजेचा दोष पार्टमध्ये शोधण्याआधी जोडांमध्ये शोधावा, आणि तो वीज वाहत असतानाच शोधावा. गाडी शांत उभी असताना घेतलेलं मोजमाप इथे हमखास दिशाभूल करतं.

कारण आकड्यांतच आहे. छोट्या गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना दीडशे अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. तो प्रवाह बॅटरीच्या धन टोकाकडून जाड केबलने स्टार्टरपर्यंत जातो आणि परत येतो तो इंजिनच्या धातूतून, तिथून बॉडीला जोडलेल्या विणलेल्या पट्टीतून आणि बॅटरीच्या ऋण केबलमधून. परतीची वेगळी तार नसते. गाडीचा सांगाडा हीच तार. या वाटेवर एखाद्या बोल्टखाली गंज धरला आणि रोध ०.०२ ओहमने वाढला, तर दीडशे अँपिअर वाहायला तिथेच तीन व्होल्ट खर्ची पडतील. बारा व्होल्टच्या गाडीत हे दिवाळंच. स्टार्टरचा स्विच असलेल्या सोलेनॉइडला त्या मानाने फारच थोडा प्रवाह लागतो, म्हणून तो ‘टक्’ करून आपलं काम चोख करतो. पुढे मोटरने प्रवाह मागितला की सगळं बसतं. आणि हा ०.०२ ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहम स्केलवर दिसतच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधच त्याच्या अनेक पट असतो.

वाटेतल्या रोधाचं हे कोडं जिथे पहिल्यांदा सुटलं, ती गोष्ट शाळेच्या पुस्तकात अर्धीच सांगितली जाते. गेओर्ग झिमोन ओहम हा एर्लांगेनमधल्या कुलूपकाराचा मुलगा, कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारा. त्याने १८२५मध्ये तारांची लांबी बदलून प्रवाह मोजायला सुरुवात केली, पण व्होल्टाच्या रासायनिक बॅटरीवर. ती बॅटरी प्रवाह देता देता ढिली पडे, आकडे हलत, आणि त्यातून ओहमने काढलेलं लॉगॅरिदमचं सूत्र चुकलं. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फने त्याला सुचवलं की बॅटरी सोड, झेबेकचं औष्णिक युग्म वापर. मग ओहमने बिस्मथ आणि तांब्याचा एक जोड उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. आता विद्युतदाब जागचा हलेना. दोन इंचांपासून एकशे तीस इंचांपर्यंतच्या तांब्याच्या आठ तारा त्याने एकामागून एक जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसुईचं विचलन मोजलं. १८२६मध्ये हाती आलेलं सूत्र असं होतं: प्रवाह बरोबर ए भागिले (बी अधिक एक्स). ए म्हणजे उगमाचा जोर, एक्स म्हणजे तपासायच्या तारेची लांबी. आणि बी? बी म्हणजे उरलेलं सगळं: उपकरणाचा, जोडांचा, उगमाचा रोध, जो तार बदलली तरी तिथेच राहतो. पाठ्यपुस्तकातल्या ‘व्ही बरोबर आय आर’मधून हा बी गळून पडला, आणि मला तर ओहमच्या कामातली सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे तो बी वाटतो. जुन्या गाडीत वर्षानुवर्षं वाढत जातो तो हा बीच.  

हा बी वाढतो तरी कसा? केबलच्या टोकाचं तांब्याचं थिंबल पोलादी बॉडीवर बोल्टने आवळलेलं असतं. दोन वेगळे धातू, मध्ये पावसाळी ओल, आणि किनारपट्टीवर त्यात खारं वारं. म्हणजे बोल्टखाली आपोआप एक छोटा व्होल्टाचा घटच तयार झाला. त्यात पोलाद झिजतं, आणि त्यावर साचणारा गंज वीज जेमतेम वाहू देतो. ज्या रासायनिक घटाने ओहमला चकवलं, तोच इथे मेकॅनिकला चकवतो. याचा सगळ्यात बोलका पुरावा मागच्या दिव्यात दिसतो. तिथे एकाच बल्बमध्ये ब्रेकची २१ वॅटची आणि टेल लॅम्पची ५ वॅटची अशा दोन फिलामेंट असतात, आणि दोघींची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली परतीची वाट, एकच. ती अर्थ सुटली की ब्रेक दाबल्यावर प्रवाहाला परतीची वाट उरत नाही. मग तो टेलच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो आणि पार्किंगच्या इतर दिव्यांतून बॉडी गाठतो. लाइटचं बटण बंद, तरी ब्रेकवर पाय ठेवला की पार्किंग लाइट मिणमिणतात! असं दिसलं की स्विच बदलू नये. मागच्या दिव्याच्या अर्थचा स्क्रू काढून त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करावा.

म्हणूनच जुन्या वायरमनच्या हातातला दोन तारांचा टेस्ट बल्ब मला फार मोलाचा वाटतो. डिजिटल मीटरचा आतला रोध सहसा एक कोटी ओहमचा असतो, म्हणजे तो मोजताना प्रवाह जवळजवळ घेतच नाही. तारेच्या सगळ्या काड्या तुटून एकच धागा शिल्लक असला, तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पुरा दिसावा, तसं. २१ वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो आणि खरं काय ते बाहेर काढतो. मीटर वापरायचाच, तर व्होल्टवर ठेवून, सेल्फ मारत असताना. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. आकडा पाव व्होल्टच्या आत असेल तर परतीची वाट ठीक. एक व्होल्ट दिसला तर गुन्हेगार त्याच वाटेवर आहे. शंभर अँपिअरला एक व्होल्ट म्हणजे त्या जोडात शंभर वॅटची शेगडी पेटलेली असते, आणि दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर तो बोल्ट हाताला गरम लागतो.

यावर आक्षेप येतो की, पार्ट बदलून गाड्या सुरू होतातच ना? होतात, पण बॅटरी बदलताना क्लॅम्प निघतात, घासले जातात, पुन्हा घट्ट बसतात. स्टार्टर उतरवताना त्याचे बोल्ट आणि थिंबलही साफ होतात. दुरुस्ती झाली ती त्या घासण्याने, आणि श्रेय गेलं नव्या पार्टला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणती कामाला आली, हे ठरवता येत नाही. जुना पार्ट साफ केलेल्या जोडावर परत लावून पाहिला, तरच निवाडा होईल.

मंद हेडलाइटवर जादा वॅटचे बल्ब विकण्याचा धंदा वाटेतल्या रोधाच्या याच अज्ञानावर चालतो. साठ वॅटचे दोन बल्ब मिळून दहा अँपिअर घेतात. स्विच आणि जुनी वायर मिळून ०.१२ ओहम रोध असला, तर सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातात. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं की हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी पडतो. शंभर वॅटचे बल्ब लावले तर वाटेतली गळतीही वाढते आणि स्विच वितळायची वेळ येते. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकले की मूळचेच बल्ब लख्ख पेटतात.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा: आता स्कॅनर आहे, तो दोष सांगतो. टेस्ट बल्ब इलेक्ट्रॉनिक सर्किटवर आणि एअरबॅगच्या वायरिंगवर चुकूनही लावू नये, हे खरंच. पण स्कॅनर सांगतो ते इसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, जे दिसलं तेच. पुष्कळ सेन्सर शून्य ते पाच व्होल्टमध्ये बोलतात. अर्थच्या खराब जोडामुळे तीन दशांश व्होल्टचा फरक पडला, तर धडधाकट सेन्सर खोटा ठरतो आणि स्कॅनर त्याच्याच नावाने कोड काढतो. नवा सेन्सर मागवण्याआधी इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत, मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरं इसीयूच्या अर्थ बोल्टला लावावं, आणि आकडा वाचावा.