तिहाई कुठून उचलायची?

तबल्याच्या वर्गात पहिली काही वर्षं 'गणित' हा शब्द कुणी काढत नाही. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतो. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतो: एका बोटावर चार मात्रा, चार बोटांवर सोळा, की तीनतालाचं एक आवर्तन झालं. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी. नववीला काल.

मग येते तिहाई. 'तिटकत गदिगन धा' हा तुकडा तीन मात्रांचा. तो मध्ये न थांबता तीनदा वाजवायचा आणि तिसरा 'धा' नेमका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणायचा. नवशिकं मूल अंदाजाने उचलतं. 'धा' समेच्या एक मात्रा आधी पडतो, नाहीतर एक मात्रा नंतर. तोवर साथीची धून, म्हणजे लेहरा, पुढे निघून गेलेला असतो आणि चूक साऱ्या वर्गाला ऐकू आलेली असते. वहीतलं गणित चुकलं हे कळायला वही तपासून येईपर्यंत थांबावं लागतं. इथे कानच निकाल देतो, आणि लगेच पुन्हा करून बघता येतं.

दोन-चार वेळा फसलं की बोटं उलटी मोजायला लागतात. तीन त्रिक नऊ मात्रा. शेवटची मात्रा पुढच्या आवर्तनाची सम, म्हणजे सतरावी. सतरातून आठ मागे या: नववी. कालावरून उचला, समेवर या. एकतालात तेरातून आठ गेले, पाचवीपासून. झपतालात अकरातून आठ गेले, तिसरीपासून. मुलाला आता नियम सापडल्यासारखा वाटतो. अशा वेळी रूपक समोर ठेवावा. मात्रा सात, सम आठवी, आठातून आठ गेले, उरलं शून्य.

शून्यावी मात्रा कुठली?

हा प्रश्न फळ्यावर लिहिला असता तर वर्ग गप्प बसला असता. हातात ताल असला की कुणीतरी म्हणतंच: आधीच्या आवर्तनाची शेवटची, सातवी! घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तेच हे गणित. विद्यापीठात ते बऱ्याच जड नावाने शिकवतात. आणि तिहाई समेवरूनच उचलायची असेल तर? दोन तुकड्यांच्या मध्ये दम घ्यावा लागेल, तो किती मात्रांचा? तीनतालात नऊ अधिक दोन दम बरोबर सतरा. दम चार मात्रांचा. एकतालात दोनाचा, झपतालात एकाचा. रूपकात एका आवर्तनात भागतच नाही, दोन आवर्तनं घ्यावी लागतात, तेव्हा दम तीन मात्रांचा. एका चलाचं समीकरण सोडवून झालं, आणि 'क्ष' कुठेही आला नाही.

मत्स्योदरी देवीच्या अंबडमध्ये हे बोलायला वेगळी प्रस्तावना लागत नाही. दत्तजयंतीचा संगीत महोत्सव या गावाच्या अंगवळणी पडलेला आहे. समेवर मान हलवणारे श्रोते इथे घरोघर आहेत. इतिहासही लांबचा नाही. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारात तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. तो संगीतज्ञ होताच, शिवाय राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख अधिकारी होता. आणि त्याच सिंघणाचा ज्योतिषी होता चांगदेव, 'लीलावती' लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला, असं तिथला शिलालेख सांगतो. गाणं आणि आकडेमोड एकाच छताखाली होती, आणि ते छत मराठवाड्यात होतं.

शार्ङ्गदेवाचा प्रस्तार पेटी शिकणाऱ्या मुलाला वाजवायला द्यावा. सा, रे, ग हे तीन स्वर किती क्रमांनी येतील? सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. सहा. मध्यम आला की चोवीस. साती स्वर घेतले की पाच हजार चाळीस. शार्ङ्गदेव मोजून थांबला नाही. अमुक क्रमांकाची तान कोणती, हे यादी न लिहिता काढणं म्हणजे 'नष्ट'. समोरच्या तानेचा क्रमांक काढणं म्हणजे 'उद्दिष्ट'. दोन्हींसाठी त्याने खंडमेरू नावाचा तक्ता दिला. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँच्या गायकीतला मेरुखंड याच परंपरेचा.

'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' एवढं सांगून तास संपवणं हे मात्र शिकवणं नव्हे. मुलाने सहा क्रम स्वतः वाजवावेत, सातवा शोधायला जावं आणि तो सापडू नये, मग शार्ङ्गदेवाचं नाव घ्यावं. तोपर्यंत ते नाव घोकायच्या यादीतलं आणखी एक. 2014 साली फील्ड्स पदक मिळवणारे मंजुल भार्गव स्वतः तबला वाजवतात, आणि छंदांच्या मात्रांवरून संख्यांच्या मालिकेकडे श्रोत्यांना नेतात ते असंच, मोजायला लावून.

छंदांवरून आकड्यांकडे नेणारा हा रस्ता अंबडजवळच्या जांबवरून जातो. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव आज घनसावंगी तालुक्यात आहे, पूर्वी ते अंबड तालुक्यात होतं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. 'यमाचा' म्हणून पाठ केलेला य गण, लघु-गुरु-गुरु, चरणात चारदा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. एका गणाच्या पाच, चरणाच्या वीस. हे प्रत्येक मराठी मुलाला व्याकरणाच्या तासाला येतं. त्यापुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: पाच मात्रा लघु-गुरूंनी भरायच्या तर एकूण रीती किती?

मुलं टाळ्यांनी करून बघतात, लघूला एक टाळी, गुरूला एक टाळी आणि एक रिकामी मात्रा. एका मात्रेची एक रीत. दोनाच्या दोन. तीनाच्या तीन. चाराच्या चार असणार, असं सगळे म्हणतात आणि निघतात पाच. पाचाच्या आठ, त्यातला एक आपला य गण. असं का? शेवटचं अक्षर एक तर लघु, नाहीतर गुरु. लघु असेल तर त्याआधी चार मात्रा भराव्या लागल्या, गुरु असेल तर तीन. पाच अधिक तीन आठ. जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात हा नियम छंदांसाठी मांडला होता, विरहांकाने त्याच्याही आधी. युरोपात फिबोनाचीचं पुस्तक आलं 1202 मध्ये.

सहा मात्रांच्या तेरा रीती निघतात. सातांच्या एकवीस. आठांच्या चौतीस रीती टाळ्यांनी पुऱ्या करायला एक तास पुरत नाही; पण तोवर बहुतेकांनी टाळ्या थांबवलेल्या असतात आणि वहीत मागचे दोन आकडे मिळवलेले असतात.