प्रोस्टेटची बायोप्सी कशी करतात? सुईने कॅन्सर पसरतो का?

पन्नाशीनंतर रक्ततपासणीत पीएसए वाढलेला आला की घरात सगळ्यांचे धाबे दणाणते. पण पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असे नाही. वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथी वाढली किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वाढतो. खात्रीचे निदान बायोप्सीनेच होते. त्याआधी एमआरआय केल्यास संशयास्पद जागा कळते, काहींची बायोप्सी टळतेही.

बायोप्सीच्या पद्धती

१. गुदद्वारातून: सोनोग्राफीचा प्रोब गुदद्वारात ठेवून, जागा बधिर करून सुईने साधारण १० ते १२ बारीक तुकडे घेतात. सुई आतड्याच्या भिंतीतून जात असल्याने जंतुसंसर्गाचा धोका असतो, म्हणून आधी अँटिबायोटिक देतात.

२. त्वचेतून: अंडकोष आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घालतात. यात जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो.

३. फ्यूजन बायोप्सी: एमआरआयमध्ये दिसलेली जागा सोनोग्राफीच्या पडद्यावर जुळवून नेमका तिथलाच तुकडा घेतात. वरील दोन्ही मार्गांनी ही करता येते.

आधी काय सांगाल?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, औषधांची अ‍ॅलर्जी, लघवीची जळजळ हे सर्व डॉक्टरांना सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

नंतर काय होते?

काही दिवस लघवीतून किंवा शौचातून थोडे रक्त जाऊ शकते. वीर्यात काही आठवडे लालसर किंवा तपकिरी रंग दिसतो. याने घाबरू नका. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

सुई लावली की कॅन्सर पसरतो?

हा प्रश्न मला अनेक रुग्ण विचारतात. प्रोस्टेटच्या बायोप्सीत तसे होणे अत्यंत दुर्मिळ आहे. या भीतीने तपासणी लांबवली, तर आजार वाढायला वेळ मिळतो, हा धोका मोठा आहे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघालाच, तर ग्लिसन स्कोअर पाहा. ६ असेल तर आजार सहसा संथ असतो. अनेकदा लगेच ऑपरेशन न करता नियमित तपासण्यांवर लक्ष ठेवतात. ८ ते १० म्हणजे आक्रमक आजार. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी फाईल जपून ठेवा आणि पीएसएची पुढची तपासणी कधी करायची, ते युरोलॉजिस्टना विचारूनच घरी जा.