अमॉक्सिसिलिन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात लोणी काळभोर असो की पुण्यातली एखादी पेठ, मेडिकलच्या काउंटरवर मागणी तीच असते: “घसा धरलाय, पाचशेच्या चार कॅप्सूल द्या.” याच जिल्ह्यात, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, १९५५ साली पेनिसिलीनचं उत्पादन सुरू झालं. त्याच कुळातल्या अमॉक्सिसिलिनबद्दलचे गैरसमज मात्र अजून घट्ट आहेत.

गैरसमज: सर्दी-तापाला हे घेतलं की लवकर उतार पडतो.
वस्तुस्थिती: अमॉक्सिसिलिन जिवाणूला पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही, ती कच्ची राहिली की जिवाणू फुटतो. सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, आणि विषाणूला ही भित्तिकाच नसते. सर्दी आपसूक बरी होते, श्रेय कॅप्सूलला जातं. जिवाणूंमुळे झालेला घशाचा, कानाचा, दाढेचा संसर्ग किंवा न्यूमोनिया, ही याची खरी कामं.

गैरसमज: ६२५ची गोळी ५००पेक्षा ‘पॉवरफुल’.
वस्तुस्थिती: दोन्हींत अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅमच. वरचं १२५ म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. काही जिवाणू अमॉक्सिसिलिन तोडणारं विकर सोडतात, त्याला ते अडवतं. जिवाणू तसे नसतील तर जास्तीचा फायदा नाही. जुलाब मात्र वाढू शकतात.

गैरसमज: बरं वाटलं की थांबावं, उरलेलं पुढच्या वेळी होईल.
वस्तुस्थिती: किती दिवस घ्यायचं हे आजारावर ठरतं आणि ते डॉक्टरांनी सांगायचं. अपुऱ्या मात्रेने जिवाणू औषधाला सरावतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. मुलांच्या सिरपची पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवली की ते लेबलवर लिहिलेले दिवसच टिकतं, साधारण एक ते दोन आठवडे. नंतर ते टाकूनच द्यावं.

गैरसमज: एकदा पुरळ आलं, म्हणजे पेनिसिलीनची ॲलर्जी जन्मभर.
वस्तुस्थिती: पुरळ कधी मूळच्या विषाणूजन्य आजाराचंही असतं. ॲलर्जीची नोंद असलेल्या बहुतेकांना तपासणीत ती आढळत नाही. पण गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर औषध थांबवून तडक दवाखाना गाठा. ॲलर्जी नाही हे घरी पुन्हा गोळी घेऊन ठरवू नका. ते डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.

पाकिटावरची उभी लाल रेघ सांगते, की हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आज सर्दीला उगाच घेतलेली कॅप्सूल उद्या आपल्याच लेकराच्या न्यूमोनियाला निकामी ठरू शकते. म्हणून काउंटरवर औषधाचं नाव सांगण्याआधी डॉक्टरांना विचारा: “हा आजार जिवाणूंचा आहे का?”