नाव, टोपणनाव, बिल्ला (भाग ६) : आठवं बेट

गेल्या भागात महिंद्र युनायटेड पाहिला. जीप बनवणाऱ्या कंपनीचा संघ म्हणून ‘जीपमेन’. २०१० साली कंपनीने संघ बंद केला आणि टोपणनावही मैदानावरून गेलं. टाटा, एअर इंडिया, मफतलाल ही मुंबईतली नावंही त्याच घडणीची. पगार कोण देतं ते त्यांतून कळे, संघ कुठल्या गावाचा ते कळत नसे.

३० ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झालेल्या मुंबई सिटी एफसीने नावात शहर घेतलं. त्यातलं ‘सिटी’ मँचेस्टरहून आलं, असं पुष्कळ जण ठामपणे सांगतात. तसं नाही. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबईच्या क्लबमध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. तोवर नाव आणि आकाशी जर्सी, दोन्ही पाच वर्षांची झाली होती. याच समूहाने मेलबर्न हार्ट विकत घेतला तेव्हा २०१४ मध्येच त्याचं मेलबर्न सिटी केलं. उरुग्वेतला टॉर्क २०२० मध्ये मॉन्टेव्हिडिओ सिटी टॉर्क झाला. तिथल्या जुन्या चाहत्यांना गमवावं लागलं ते मुंबईकरांना गमवावं लागलं नाही, याचं मला फार समाधान वाटतं. बोधचिन्ह तेवढं २०२२ मध्ये बदललं.

माझा जीव मात्र जुन्या बोधचिन्हात अडकलेला आहे. त्यात किल्ला होता, लोकल होती आणि सात तारे होते. तारे म्हणजे मुंबईची सात बेटं : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. ‘आयलँडर्स’ म्हणजे बेटकरी, हे टोपणनावही या बेटांवरूनच आलं.

आता नकाशा उघडा. पहिले दोन हंगाम घरचे सामने झाले नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. नेरूळ खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर. २०१६ पासून घर झालं अंधेरीचं क्रीडासंकुल. अंधेरीही सातांत नाही. ती साष्टीत. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हे कट्टर चाहते ज्या पश्चिमेच्या गॅलरीत उभे राहून ढोल वाजवतात, ती गॅलरीसुद्धा साष्टीच्याच जमिनीवर.

साष्टी हे या सातांच्या उत्तरेचं आणि त्या सातांहून कितीतरी मोठं बेट. सहासष्ट गावांवरून हे नाव पडलं असं मानतात. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत आणि पूर्वेला ठाण्यापर्यंत ते पसरलंय. इतिहासही त्याचा वेगळा : १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलं, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून. सात बेटं तोपर्यंत शंभराहून अधिक वर्षं इंग्रजांच्या हाती होती. शीवचा बांध १८०३ मध्ये पुरा झाला, तेव्हा कुठे दोन्हीकडची माणसं पायी ये-जा करू लागली.

आपलं ठाण्यातलं कोलशेत या साष्टीच्या ईशान्य काठावर आहे. खाडीपलीकडे दिसणारं काल्हेर भिवंडी तालुक्यातलं, मुख्य भूमीवरचं. अलीकडचा कोळीवाडा बेटावरचा. म्हणजे कोलशेत रोडच्या टर्फवर आकाशी जर्सी घालून खेळणारा मुलगा अक्षरशः बेटकरी आहे. त्याच्या बेटाचा तारा तेवढा बिल्ल्यावर नव्हता. डोंबिवली-कल्याणच्या चाहत्याला भूगोलाने हा मान दिलेला नाही, पण त्याच्यासाठी बिल्ल्यात लोकल होती! १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी सात बेटं ओलांडून ठाण्याला थांबली आणि वर्षभरानंतर, १ मे १८५४ ला, खाडी ओलांडून कल्याणला पोचली. ताऱ्यांनी ज्यांना वगळलं त्यांना त्या छोट्याशा गाडीने आत घेतलं होतं, असं मी मानतो. क्लबने पुढे कधी बिल्ला पुन्हा रेखाटला तर त्यात आठवा तारा असावा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पुढच्या भागात गोव्याला जाऊ. एफसी गोवाच्या छातीवर राज्यप्राणी गवा कसा आला, ते पाहू.