काळी पाटी आणि रात्री नऊचा नाका

इटलीत भाड्याची गाडी घेऊन फिरायला निघालेले मराठी कुटुंब तयारी किती कसून करते, ते पाहण्यासारखे असते. आरटीओत हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना काढलेला असतो. रोम, फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेली क्षेत्रे नकाशावर लाल करून ठेवलेली असतात, कारण तिथला कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी दंडाचे पत्र घरी येते, हे आधी जाऊन आलेल्या कुणीतरी बजावलेले असते. तेच कुटुंब म्हैसूर, बंदीपूर, उटी, कूर्ग अशी फेरी आखते तेव्हा तयारी म्हणजे हॉटेलचे बुकिंग आणि चिवड्याचा डबा. "आपल्याच देशात तर जायचंय, त्यात काय बघायचं?" बघायचे बरेच असते. म्हैसूरहून तिन्ही बाजूंना जंगल आहे, दोन राज्यांच्या सीमा तासा-दोन तासांवर आहेत आणि प्रत्येक रस्त्याला स्वतःचे वेळापत्रक आहे. या भागाबद्दल ज्या समजुती एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यातल्या बऱ्याच अर्धवट किंवा शिळ्या आहेत.

पहिली समजूत गाडीबद्दलच. "ओळखीतून पांढऱ्या पाटीची गाडी मिळते, स्वस्त पडते आणि घरच्या गाडीसारखी दिसल्यामुळे कुणी अडवत नाही." स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाड्यांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ७५ खाली १९८९ सालची वेगळी योजना आहे. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह मिळणारी टॅक्सी. पांढरी पाटी खाजगी वापराची. ती भाड्याने देणे हा परवान्याविना व्यवसाय झाला. परिवहन खात्याने पकडले तर गाडी अडकते आणि तुम्ही सामानासह रस्त्यावर राहता. त्याहून वाईट प्रसंग अपघाताचा. खाजगी गाडीच्या विमापत्रात वापराची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते आणि पैसे घेऊन दिलेली गाडी त्या मर्यादेबाहेर जाते. विमा कंपनीला हात वर करायला एवढे कारण पुरते. दिवसाला वाचणाऱ्या चार-पाचशे रुपयांसाठी हा धोका घ्यावा असे मला वाटत नाही. काळ्या पाटीची गाडी घ्या आणि केरळ-तमिळनाडूत नेणार असल्याचे आधीच सांगून त्या राज्यांचा परवाना व कर भरलेला आहे का, हे लेखी घ्या. तोंडी "सगळं आहे सर" हे उत्तर नाक्यावर चालत नाही.

उलट, "महाराष्ट्राच्या लायसन्सवर कर्नाटकात त्रास देतात" ही भीती निराधार आहे. कोणत्याही राज्याने दिलेले लायसन्स देशभर चालते. डिजिलॉकरमधली लायसन्स आणि आरसीची प्रत २०१८ पासून नियमानेच ग्राह्य आहे. व्हॉट्सॅपवर आलेला फोटो मात्र डिजिलॉकर नव्हे, हा फरक पोलिसाला बरोबर कळतो. लायसन्स अठराव्या वर्षी मिळते म्हणून गाडीही मिळेल, असे मुलांनी धरू नये. बऱ्याच कंपन्यांची वयाची अट त्याहून वरची असते. करारात ज्याचे नाव आहे त्यानेच गाडी चालवायची असते. घाटात थकलात म्हणून मेहुण्याच्या हाती चाक दिलेत आणि त्याचे नाव करारात नसले, तर विम्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

बंगळुरूला विमानाने उतरून पुढे जाणाऱ्यांच्या तोंडी एक आकडा असतो. "आता एक्स्प्रेसवे झालाय, सव्वा तासात म्हैसूर." १२ मार्च २०२३ ला उद्घाटन झालेला हा सुमारे ११८ किलोमीटरचा रस्ता, म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग २७५, खरोखर चांगला आहे. पण तो सुरू होतो बंगळुरूच्या नैऋत्य टोकाला, आणि विमानतळ आहे शहराच्या उत्तरेला. मधले बंगळुरू ओलांडण्यातच सव्वा तास कधी संपतो ते कळत नाही. मोटारींना वेगमर्यादा ताशी १०० आहे आणि ती मोजणारे कॅमेरे आहेत. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य रस्त्यावर बंदी आहे, त्यामुळे भाड्याच्या बुलेटवरून या रस्त्याने जाण्याचे बेत बाजूच्या सेवा रस्त्यावरच पार पडतात. टोलचेही तसेच. ऑगस्ट २०२५ पासून तीन हजार रुपयांत वर्षभराचा किंवा दोनशे फेऱ्यांचा फास्टॅग पास निघाला, म्हणून काहीजण भाड्याच्या गाडीतही तो गृहीत धरतात. तो पास फक्त खाजगी, बिगर-व्यावसायिक गाडीला मिळतो. काळ्या पाटीला प्रत्येक नाक्यावर पूर्ण टोल.

खरे तर मुंबई-पुण्याच्या लोकांनी बंगळुरूला न उतरता दादरहून थेट म्हैसूरला जाणारी शरावती एक्स्प्रेस बघावी. ती पुणे-मिरजमार्गे जाते, रोज नसते. पण बसली तर चांगली बसते. गाडी म्हैसूरलाच घ्यायची.

आता मुख्य विषय, जंगल. "बंदीपूरमधून राष्ट्रीय महामार्ग जातो, मग तो बंद कसा असेल?" असतो. गुंडलुपेटपासून दोन फाटे फुटतात: एक महामार्ग ७६६ सुलतान बत्तेरीमार्गे वायनाडला, दुसरा महामार्ग १८१ मदुमलई-गुडलूरमार्गे उटीला. दोन्ही बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जातात. भरधाव गाड्यांखाली रात्री प्राणी मरत होते, म्हणून २००९ साली चामराजनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी रात्रीची वाहतूक थांबवली आणि २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. तेव्हापासून रात्री ९ ते सकाळी ६ नाके बंद. रुग्णवाहिका आणि मोजक्या सरकारी बस एवढीच सवलत. वायनाडकडून या बंदीविरुद्ध मोठी आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र नऊ म्हणजे नऊ. पाच मिनिटे उशीर झाल्यावर नाक्यावरच्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो न्यायालयाचा आदेश पाळतो आहे.

नऊ ही वेळ सगळीकडची, असे धरणे ही पुढची चूक. एच. डी. कोटे-बावलीमार्गे मानंतवाडीला जाणारा रस्ता संध्याकाळी सहालाच बंद होतो. नागरहोळेच्या जंगलातून कुट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालाही सूर्यास्ताचेच घड्याळ. रात्री वायनाडला जायचेच असेल तर हुणसूर-गोणीकोप्पमार्गे लांबचा रस्ता उघडा असतो, आणि मालवाहू गाड्या तोच घेतात. फोनमधल्या नकाशावर या वेळा दिसतीलच असे नाही. तो जवळचा रस्ता दाखवून मोकळा होतो, आणि नेमका जवळचा रस्ताच जंगलातला असतो.

बंदीपूर पार करताना आणखी एक गोष्ट ऐकू येते: "सफारीचे पैसे कशाला, रस्त्यावरूनच हत्ती दिसतो." दिसतो, कधी कधी कळपच दिसतो. पण जंगलातल्या पट्ट्यात गाडी थांबवणे, उतरणे, प्राण्यांना खायला देणे यांना मनाई आहे आणि वनरक्षक दंड करतात. पिलू सोबत असलेली हत्तीण गाडी किती मोठी आहे याची पर्वा करत नाही. काच वर, भोंगा बंद, हलता वेग. हिमवद गोपालस्वामी बेट्टाच्या माथ्यावर तर खाजगी गाडी नेताच येत नाही. पायथ्याशी गाडी लावून सरकारी बसने जायचे.

उटीबद्दलच्या समजुती सर्वांत शिळ्या. "ई-पास कोविडमध्ये होता, आता काही नाही." कोविडचा पास वेगळा. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून निलगिरी आणि कोडाईकनाल इथे ७ मे २०२४ पासून बाहेरच्या गाड्यांसाठी ई-पास सुरू झाला. मूळ आदेश त्या उन्हाळ्यापुरता होता, पुढे त्याची मुदत वाढत गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्या अशी मर्यादाही घातली गेली. पास मोफत आहे. भाड्याच्या गाडीत पेच असा, की पास गाडीच्या नंबरावर निघतो आणि नंबर बहुधा गाडी ताब्यात घेतानाच कळतो. गर्दीच्या हंगामात तेव्हा अर्ज करून त्याच दिवसाचा पास मिळेल असे नाही. म्हणून बुकिंग करतानाच नंबर मागा, आणि ऐनवेळी गाडी बदलली तर पास नव्याने काढा. निलगिरीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे. नाक्यावर पाण्याच्या छोट्या बाटल्या काढून घेतल्या की मुलांची चिडचिड होते, तेव्हा स्टीलच्या बाटल्या घरूनच न्या.

उटीहून उतरताना नकाशा कल्हट्टी घाटाचा मसिनगुडीकडे जाणारा रस्ता सुचवू शकतो. म्हैसूरला परतायला तो पुष्कळ जवळचा, पण ३६ वळणांचा आणि इतका तीव्र उताराचा की ब्रेक तापून निकामी झाल्याने तिथे जीव गेले आहेत. निलगिरीबाहेरच्या गाड्यांना या घाटाने उतरायला मनाई आहे. गुडलूरमार्गे लांबून यायचे आणि तेही दुसऱ्या गिअरमध्ये. "उतारावर न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं" हा काकांचा सल्ला या डोंगरात कुणीही ऐकू नये. गुडलूरचा वळसा आणि नऊचा नाका यांचा हिशेब मांडला तर उटीतून चारच्या आत निघणे बरे. चहा गुंडलुपेटला प्यावा.

म्हैसूर शहरात मात्र मला गाडीचे फारसे प्रयोजन दिसत नाही. राजवाडा, देवराज मार्केट, जगनमोहन पॅलेस सगळे चालण्याच्या अंतरात आहे आणि पार्किंग शोधण्यात जीव जातो. राजवाडा रोज रात्री उजळतो अशीही एक समजूत आहे. सुमारे एक लाख दिव्यांची ती रोषणाई एरवी रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी थोडा वेळ असते, दसऱ्यात रोज. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद. चामुंडी टेकडीवर गाडी सरळ वर जाते हे वर्षभर खरे, पण आषाढातल्या शुक्रवारी खाजगी गाड्या खालीच थांबवून बसने वर नेतात. कन्नड पंचांगातला आषाढ आणि आपला आषाढ एकच, तेव्हा आपल्याकडे आषाढ सुरू असेल त्या दिवसांत टेकडीचा शुक्रवार टाळावा.

गाडी कामाला येते ती आसपास जायला. श्रीरंगपट्टण पंधरा किलोमीटर. १७९२ च्या वेढ्यात हरिपंत फडक्यांचे मराठी सैन्य इथेच होते. सोमनाथपूरचे १२५८ चे केशव मंदिर पस्तीस-एक किलोमीटर, आणि बेलूर-हळेबिडूबरोबर २०२३ मध्ये जागतिक वारशात आलेले. कृष्णराजसागरला लोक भर दुपारी जाऊन कंटाळून येतात. वृंदावन बागेचे दिवे आणि कारंजी अंधार पडल्यावरची. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याला १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवणाऱ्या विश्वेश्वरय्यांचे हे धरण. काम १९११ मध्ये सुरू झाले तेव्हा संस्थानचे दिवाण होते टी. आनंदराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले, बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. बंगळुरूचा आनंदराव चौक त्यांच्याच नावाचा.

शेवटी अनामत रक्कम. "गाडी परत केली, ओरखडा नाही, म्हणजे हिशेब संपला." कॅमेऱ्याचे चलान गाडीच्या मालकाला जाते, म्हणजे कंपनीला, आणि कंपनी ते करारानुसार तुमच्याकडून वसूल करते. हेच इटलीत होते म्हणून तिथे आपण डोळ्यांत तेल घालून चालवतो. "फुल इन्शुरन्स" या शब्दांतही बहुधा काही हजारांची पहिली रक्कम ग्राहकाच्या माथी असते, आणि टायर, काच, गाडीचा तळ बऱ्याचदा वगळलेले असतात. घेताना आणि देताना गाडीचे चारही बाजूंनी चित्रीकरण करा, त्यात किलोमीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा येऊ द्या, परत दिल्याची वेळ लिहून घ्या. त्या वेळेनंतरचे चलान तुमचे नाही, हे दाखवायला तेवढाच कागद लागतो.